नगरशेठची हमी आणि दवाखान्याचे बिल

अलीकडे एक सल्ला सगळीकडून ऐकू येतो. ऑपरेशन ठरले की एकाच दवाखान्यावर थांबू नका. तीन-चार ठिकाणी दर विचारा. पॅकेजमध्ये काय आहे आणि काय नाही ते लिहून घ्या. बिल जास्त वाटले तर बोलून कमी करून घ्या. मोतीबिंदू, सिझेरियन, गुडघा, अँजिओप्लास्टी, प्रत्येकाचा दर दर चौकात वेगळा असतो, आणि जो बोलतो त्याला सूट मिळते.

सल्ला चुकीचा नाही. ज्याला जमेल त्याने तो जरूर पाळावा. पण या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. रुग्ण हा गिऱ्हाईक आहे, दवाखाना हे दुकान आहे आणि भाव पटला नाही तर गिऱ्हाईक पायरीवरून मागे फिरू शकते. आता आपल्या वस्त्यांकडे पाहा. आपला माणूस दवाखान्यात कधी पोहोचतो? रोजंदारी बुडेल म्हणून दुखणे अंगावर काढतो, मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेतो आणि शेवटी रात्री दोन वाजता रिक्षात घालून त्याला आणावे लागते. त्या वेळी त्याच्या बायकोने तीन दवाखान्यांचे दर कुठे आणि कसे विचारायचे? स्ट्रेचरवरचा माणूस घासाघीस करत नाही. तो सही करतो.

म्हणून या लेखात एक मुद्दा मांडायचा आहे. ज्यांच्याकडे जमीन, ओळख किंवा जात यांचे बळ नव्हते, त्यांना या देशात एकट्याने घासाघीस करून कधीही रास्त भाव मिळालेला नाही. त्यांना जे मिळाले ते दर, पावती आणि हिशेब कायद्याने बांधून घेतल्यावर मिळाले. सावकाराच्या बाबतीत हे खरे ठरले, गिरणीच्या बाबतीत खरे ठरले आणि दवाखान्याच्या बाबतीतही तेच खरे आहे. इतिहास तपासून पाहू.

दोन रुपयांची फी

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात एक प्रसंग नोंदवलेला आहे. तो बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यातला नाही. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तराने लिहिलेले पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते, ते बाबासाहेबांनी तिथे घेतले आहे.

मास्तरांची बायको बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. श्वास लागला, बरगड्यांत कळा येऊ लागल्या. मास्तर डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाला, मी तुमच्या वस्तीत येणार नाही. मग मास्तर गावच्या नगरशेठकडे आणि दरबाराकडे गेले, हातापाया पडले. नगरशेठने डॉक्टरच्या दोन रुपये फीची हमी घेतली. तेव्हा डॉक्टर आला, पण अट घालून: रोग्याला वस्तीबाहेर आणायचे. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला तान्ह्या मुलासह वस्तीबाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने मास्तरांना दिला, मास्तरांनी बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात थर्मामीटर बघून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला आणि औषध पाठवून दिले. पुढे मास्तरांनी दोन रुपये दिले तरी तो पुन्हा बघायला आला नाही. ती बाई गेली.

हा प्रसंग आपण नेहमी अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून वाचतो. तो तसा आहेच. पण तो एकदा दवाखान्याच्या व्यवहाराचा कागद म्हणूनही वाचा. इथे फीबद्दल तक्रार नव्हती. रक्कम ठरलेली होती, मास्तर पगारदार होता, पैसे द्यायला तयार होता. तरी त्याचा शब्द पुरेसा नव्हता. त्याच्या दोन रुपयांना नगरशेठची हमी लागली. आणि हमी मिळाल्यावरही सेवा कुठे द्यायची, किती अंतरावरून द्यायची आणि कधी थांबवायची हे सगळे एकाच बाजूने ठरवले. फी पूर्ण, उपचार अर्धा.

आजच्या दवाखान्यात थर्मामीटर तिसऱ्याच्या हातून येत नाही. पण नगरशेठ गेला का? बिल कमी करायचे म्हटले की पहिला प्रश्न काय असतो? 'कोणाची ओळख आहे का?' नगरसेवकाची चिठ्ठी, आमदाराच्या पीएचा फोन, ट्रस्टींच्या नात्यातला कोणी, डॉक्टरचा वर्गमित्र. ज्याच्या मोबाइलमध्ये असे नंबर आहेत त्याचे बिल कमी होते. ते नंबर कोणाच्या मोबाइलमध्ये असतात? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे काका, मामा, मावसभाऊ डॉक्टर, वकील आणि अधिकारी झाले त्यांच्या. ज्या घरात पहिली व्यक्ती आत्ता कुठे पदवीधर झाली, त्या घराने कोणाला फोन लावायचा? सूट ही दिसायला माणुसकी असते. तिचे वाटप मात्र ओळखीच्या वाटेने होते आणि आपल्याकडे ओळखीची वाट जातीतून जाते. म्हणून जी व्यवस्था 'बोला म्हणजे कमी होईल' या तत्त्वावर चालते, ती व्यवस्था ज्याचे बोलणे कोणी ऐकत नाही त्याच्याकडून सर्वात जास्त पैसे घेते.

सुप्याचा बाजार आणि १८७९ चा कायदा

आता आणखी मागे जाऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. पाहता पाहता उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. या उठावात एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. शेतकऱ्यांना हवे होते ते कागद. कर्जरोखे, खते, हिशेबाच्या वह्या. जिथे सावकाराने कागद दिले तिथे बहुतेक वेळा हाणामारी झाली नाही. कागद जाळले गेले.

कागदावरच राग का? कारण कागदावर शेतकऱ्याचा अंगठा होता, पण त्यातला हिशेब त्याला माहीत नव्हता. मुद्दल किती घेतले, व्याज किती धरले, परतफेड किती जमा केली हे सावकाराच्या वहीत होते आणि वही सावकाराच्या घरात होती. कोर्टात गेले की न्यायाधीश विचारायचा, अंगठा तुझाच ना? तुझाच असेल तर करार मोकळ्या मनाने झाला, पैसे भर. कायद्याच्या दृष्टीने सावकार आणि कुळ हे दोघे समान, स्वतंत्र, आपला भाव आपण ठरवणारे नागरिक होते. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये अविद्येचे जे अनर्थ सांगितले, त्यांतला हा एक रोजचा अनर्थ होता.

उठावाची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. त्या कायद्याने काय केले ते नीट पाहा. पहिले, न्यायालयाला रोख्यावरच्या आकड्यावर थांबण्याची सक्ती उरली नाही. रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सगळा इतिहास तपासायचा अधिकार आला. दुसरे, परतफेडीची लेखी पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. तिसरे, कर्ज फेडता आले नाही म्हणून शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकण्याची पद्धत बंद झाली.

या तीन कलमांत 'सावकार' पुसून 'दवाखाना' लिहा. बिलाच्या आकड्यामागे जाऊन तपासणी. बाबवार हिशेब आणि पावती. आणि पैसे भरले नाहीत म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवण्यास बंदी. आज रुग्ण हक्कांच्या चळवळीच्या मागण्या याच तर आहेत! राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्क सनदेचा मसुदा तयार केला, त्यात १७ हक्क आहेत. दर आधी कळण्याचा हक्क, औषध आणि तपासणी कुठून करायची ते निवडण्याचा हक्क, बिलाच्या वादावरून अडकवून न ठेवले जाण्याचा हक्क त्यांतच येतात. जे दख्खनच्या शेतकऱ्याला १८७९ साली मिळाले, ते दवाखान्यातल्या माणसासाठी मसुद्यात यायला २०१८ उजाडले.

१८७९ च्या कायद्याचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. तो इंग्रजांनी महसूल आणि शांतता टिकावी म्हणून केला होता. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्या महार-मांगाला त्याचा उपयोग थोडाच होता. आणि सावकारांनी पळवाटही लगेच शोधली. गहाणखताच्या मागे न्यायालय जाते ना, मग गहाणाऐवजी खरेदीखत करून घ्यायचे. कागदावर विक्री, व्यवहारात गहाण. ही पळवाट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे. मुंबई प्रांतात १९४६ साली स्वतंत्र सावकारी कायदा करावा लागला, ज्यात परवाना, व्याजाची मर्यादा आणि हिशेबपत्रक या तिन्ही गोष्टी आल्या. एका कायद्याने भागत नाही. सावकार हुशार असतो, म्हणून कायदा त्याच्या मागे मागे न्यावा लागतो.

कोणाचे स्वातंत्र्य?

यावर हमखास एक आक्षेप येतो. 'डॉक्टरने किती फी घ्यावी हे सरकार कसे ठरवणार? हा दोघांमधला व्यवहार आहे. पटले तर घ्या, नाही तर दुसरीकडे जा.'

या युक्तिवादाला बाबासाहेबांनी १९४७ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात ते म्हणतात त्याचा आशय असा: सरकारने हात काढून घेतला म्हणजे सगळे स्वतंत्र होतात हा भ्रम आहे. सरकारने हात काढून घेतला की जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि कारखानदाराला कामाचे तास वाढवून मजुरी कमी करण्याचे स्वातंत्र्य मिळते. ज्याला पोटासाठी काम हवेच आहे त्याच्यासमोर निवड अशी उरतच नाही. सरकारच्या जागी खासगी मालकाची हुकूमशाही येते, इतकेच. याच निवेदनात त्यांनी विमा हा सरकारच्या मक्तेदारीत असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला विमा सक्तीचा असावा अशी मागणी केली होती.

हे विवेचन जमीनदार आणि कारखानदार यांच्याबद्दलचे आहे. पण भुकेने काम शोधणाऱ्यापेक्षा रक्तस्राव होणारी बाळंतीण जास्त स्वतंत्र असते, असे कोणी म्हणेल काय? उलट ती जास्त अडलेली असते. मजुराला निदान आपण काय विकतो आहोत ते ठाऊक असते. रुग्णाला आपण काय विकत घेतो आहोत तेही ठाऊक नसते. कोणती तपासणी करायची, किती दिवस आयसीयूत राहायचे, कोणता स्टेंट टाकायचा हे विकणाराच ठरवतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली हाच मुद्दा मांडून दाखवले होते की वैद्यकीय सेवेचा बाजार हा इतर बाजारांसारखा चालूच शकत नाही, कारण आजार कधी येईल ते ठाऊक नसते आणि ज्ञान सगळे एकाच बाजूला असते.

बाबासाहेबांची कृतीही याच दिशेची होती. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली. गिरणीतल्या बाईने आपली बाळंतपणाची रजा मालकाशी बोलून मिळवावी असे ते म्हणाले नाहीत. बाळंतपणातली विश्रांती ही देशहिताची गोष्ट आहे, तिचा भार सरकारने आणि मालकाने उचलावा, असा त्यांचा आग्रह होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अडारकर अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. तत्त्व साधे होते. अंगात ताकद असताना सर्वांनी मिळून भरायचे, म्हणजे आजारी पडल्यावर एकट्याने हात पसरायचे नाहीत.

स्वातंत्र्यानंतर काय झाले?

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कोणीही पुरेशा उपचाराला मुकता कामा नये, हा त्या अहवालाचा पाया होता. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. मुंबई प्रांतात १९४९ साली शुश्रूषागृह नोंदणी कायदा झाला. त्यात नोंदणी होती, जागा आणि कर्मचारी यांच्या अटी होत्या. दर मात्र नव्हते. दवाखाना चालवायला परवाना लागेल, पण बिल किती करायचे याला लगाम नाही, ही रीत तिथून पडली.

सरकारी दवाखाने वाढायला हवे होते, त्या गतीने वाढले नाहीत. खासगी वाढले. परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार बाळंतपणे वगळून एकदा दवाखान्यात भरती होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये होता आणि खासगीत ३१,८४५ रुपये. सात पट! ज्याला जिल्हा रुग्णालयात खाट मिळत नाही, तो त्याच रात्री सात पट खर्चाच्या दारात उभा राहतो. दर विचारण्याचा सल्ला या तफावतीबद्दल काही बोलत नाही. खरी तुलना दोन खासगी दवाखान्यांच्या पॅकेजची नाही. ती सरकारी रुग्णालय का ओस पाडले याची आहे.

१९९६ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये खर्चून तो वाचला. त्याची संघटना, पश्चिम बंगा खेत मजूर समिती, न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितले की वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि राज्य सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. तो मजूर एकटा असता तर त्याने खासगी रुग्णालयाशी फार तर हजार-दोन हजारांची घासाघीस केली असती. संघटना होती म्हणून देशाचा कायदा घडला.

दया की हक्क?

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट इथे महत्त्वाची आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली ही रुग्णालये करसवलती घेतात, अनेकांना जमिनी सवलतीत मिळाल्या. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात १९८५ साली कलम ४१ कक घालण्यात आले आणि गरिबांवर उपचार करणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. तरीही अंमलबजावणी होईना, म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये योजना ठरली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने, आणि त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत.

म्हणजे तिथे मिळणारी सवलत ही कोणाची मेहेरबानी नाही. ती आधीच घेतलेल्या सवलतींची परतफेड आहे. तरी काउंटरवर ती कशी मागितली जाते? हात जोडून. 'साहेब, गरीब आहोत, बघा काही होतंय का.' हा आपल्या मनातला नगरशेठ आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड पुढे करून 'कलम ४१ कक खालच्या खाटांचा आजचा तक्ता दाखवा' असे म्हणणे आणि हात जोडणे, या दोन वाक्यांमध्ये महाडच्या तळ्याइतके अंतर आहे.

दर ठरवता येतो, हे सिद्ध झाले आहे

'दर ठरवणे अशक्य आहे' हे तुणतुणे २०१७ साली बंद पडायला हवे होते. दिल्ली उच्च न्यायालयात एका वकिलाने स्टेंटच्या किमतींविरुद्ध जनहित याचिका केली. स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला आणि १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कमाल किमती जाहीर केल्या. औषध लावलेला स्टेंट सरासरी १ लाख २१ हजारांना पडत होता, तो २९,६०० रुपयांवर आला. साधा धातूचा स्टेंट ४५ हजारांवरून ७,२६० वर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याचा नेहमी वापरला जाणारा सांधा सुमारे १ लाख ५८ हजारांवरून ५४,७२० वर आला. प्राधिकरणाने जाहीर केलेल्या आकडेवारीत या साखळीतला सर्वात मोठा नफा रुग्णालयाच्या पातळीवर निघाला होता. कोणता हुशार नातेवाईक घासाघीस करून स्टेंट चौथाई किमतीत आणू शकला असता?

आता ती जुनी पळवाट आठवा. स्टेंटची किंमत बांधली गेल्यावर अँजिओप्लास्टीच्या बिलातले बाकीचे आकडे फुगल्याच्या तक्रारी आल्या. गहाणाचे खरेदीखत झाले! म्हणून एका वस्तूची किंमत बांधून पुरत नाही, अख्ख्या प्रक्रियेचा दर बांधावा लागतो.

तेही करून झाले आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना (२०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदलले) यात प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर सरकार आणि रुग्णालय यांच्यात आधीच ठरलेला असतो आणि योजनेतल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. योजनेतले रुग्णालय तेच, ऑपरेशन थिएटर तेच, सर्जन तोच. सरकार सर्वांच्या वतीने बोलले की एक दर, आणि रोख पैसे घेऊन एकटा माणूस आला की दुसरा.

कोरोनात तर महाराष्ट्राने सरळ हुकूम काढला. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या आणि दिवसाचा दर ठरवला: साध्या वॉर्डात ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूत ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. १ जून २०२१ रोजी शहरांचे तीन गट करून लहान गावांचे दर आणखी कमी केले. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले. ज्या बायकांचे नवरे गेले आणि मागे लाखांची बिले राहिली, त्यांना जन आरोग्य अभियान आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या कार्यकर्त्यांनी एकत्र आणले, बिले गोळा केली, तपासणीचे अर्ज केले. काहींना जादा घेतलेले पैसे परतही मिळाले. हे एकट्या विधवेने काउंटरवर रडून झाले नसते.

पण कोरोना नसलेल्या रुग्णांचे दरही त्या हुकुमात होते, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये रद्द केले. साथरोग आणि आपत्तीच्या कायद्यांखाली तो अधिकार राज्याला नाही, असे न्यायालयाने म्हटले. ठीक आहे. मग ज्या कायद्याखाली असेल तो कायदा करा! रुग्णालये हा राज्यसूचीतला विषय आहे. विधानसभेला कोणी अडवले आहे? केंद्राच्या २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्याखालच्या नियमांत सरकारने ठरवलेल्या मर्यादेतच दर घ्यायची तरतूद २०१२ पासून आहे, पण दरच ठरवले गेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावरून केंद्राला खडसावले. त्या याचिकेत मोतीबिंदूचे उदाहरण होते: सरकारी व्यवस्थेत एका डोळ्याला सुमारे १०,००० रुपये, खासगीत ३०,००० पासून १ लाख ४० हजारांपर्यंत. महाराष्ट्राने तर तो केंद्रीय कायदा स्वीकारलेलाच नाही. इथे १९४९ चा कायदाच चालतो, ज्याच्या जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. फलक लावा, एवढेच. फलकावर कोणता आकडा लिहायचा हे दवाखान्याच्या मर्जीवर. आणि रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेण्याच्या 'कट प्रॅक्टिस'विरुद्ध २०१७ साली राज्यात विधेयकाचा मसुदा झाला, तो मसुदाच राहिला. ज्याने तुम्हाला 'तिकडेच जा' म्हणून चिठ्ठी दिली, त्याचाच वाटा तुमच्या बिलात असेल, तर तुम्ही तुलना कशाशी करणार?

डॉक्टरांचे म्हणणे

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. तालुक्याच्या गावी दहा खाटांचा दवाखाना चालवणारा डॉक्टर आणि शेअर बाजारात नोंदलेली रुग्णालयांची साखळी हे एक नाहीत. त्या लहान दवाखान्यात आता आपल्या समाजातून शिकून आलेले डॉक्टरही आहेत, कर्जाचे हप्ते भरत आहेत. सरसकट एकच दर लावला तर मोठे टिकतील आणि लहान बंद होतील, ही त्यांची भीती खोटी नाही. पण तिला उत्तर आहे. जून २०२१ मध्ये शहरांचे गट केले तसे गट करा, दराची वरची आणि खालची मर्यादा ठेवा, दर ठरवणाऱ्या समितीत लहान दवाखानेही घ्या आणि रुग्णांचे प्रतिनिधीही. सरकारी योजनेचे पैसे महिनोन्‌महिने थकवू नका. मुद्दा डॉक्टरला उपाशी मारण्याचा नाही. दर अंधारात ठरू नये हा आहे.

मग आपण काय करायचे?

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. पण जे करायचे ते एकट्याने नाही, मिळून करायचे.

प्रत्येक वस्तीत, बुद्धविहारात किंवा वाचनालयात एक वही ठेवा. कोणत्या ऑपरेशनला कुठे किती बिल झाले याची नोंद करा, रुग्णाचे नाव न लिहिता. शंभर बिलांची वही हे शंभर घासाघिशींपेक्षा मोठे हत्यार आहे. रात्री दोन वाजता तुलना करता येत नाही, म्हणून ती दिवसा, आधी, सगळ्यांनी मिळून करून ठेवायची. जवळचे कोणते रुग्णालय फुले योजनेत आहे, कोणते धर्मादाय आहे याची यादी भिंतीवर लावा. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आजारी पडण्याआधी तयार ठेवा. दवाखान्यात गेल्यावर खर्चाचा अंदाज लेखी मागा, बाबवार बिल मागा. उपचाराची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत हा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे, तो सांगा. फलक लावलेला नसेल तर फोटो काढून लेखी तक्रार करा, आणि तक्रारीवर एक नव्हे, पन्नास सह्या असू द्या.

आणि निवडणुकीला मते मागायला येणाऱ्याला विचारा: दरनियंत्रणाचा कायदा कधी करणार? आमच्या जिल्हा रुग्णालयातल्या रिकाम्या जागा कधी भरणार? तो म्हणेल, 'काही अडचण आली तर मला फोन करा, मी बिल कमी करून देतो.' त्याला तिथेच थांबवा. आम्हाला तुमचा फोन नको, कायदा हवा. सुप्याच्या शेतकऱ्याने सावकाराकडे सूट मागितली नव्हती, वही मागितली होती. आपल्यालाही वहीच मागायची आहे.

जय भीम! जय संविधान!